ठिपक्यांची रांगोळी, २८ बटणे: क्रिएटिव्ह कोडिंग (कोड लिहून चित्र काढणे) शिकणाऱ्या डिझायनरसाठी प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५ : काम आणि साधने

दिवाळीची २०० शुभेच्छापत्रे. आकार ए-५, एकच सपाट पान, घडी नाही. गेरूच्या जमिनीवर पांढरी ठिपक्यांची रांगोळी, प्रत्येक पत्रावर वेगळी. खाली ठिपक्यांनीच भरलेली 'शुभ दीपावली' ही अक्षरे. इलस्ट्रेटर सराईतपणे वापरणाऱ्या, पण कोड कधी न लिहिलेल्या डिझायनरला शिकण्यासाठी हे काम निवडले आहे. रांगोळीला नियम असतात, कागदाला माप असते, आणि काही बिघडले तर नजरेला लगेच कळते. पडद्यावर उडणाऱ्या रंगीत कणांपासून सुरुवात केली की मजा येते खरी, पण जे झाले ते बरे की वाईट हे ठरवायला हाताशी काहीच नसते.

साधन पी५.जेएस. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या प्रोसेसिंगचे, म्हणजे कोडने चित्रे काढण्याच्या साधनाचे, हे ब्राउझरमध्ये चालणारे, जावास्क्रिप्ट भाषेतले रूप. त्याचे काम लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये सुरू केले. आवृत्ती १.११ च्या मालिकेतली घ्यायची आणि एचटीएमएल फाइलमध्ये ती पूर्ण आकड्यासकट लिहून टाकायची. २.० मध्ये 'प्रीलोड' हे फाइली आधीच आणून ठेवणारे फंक्शन (तयार आज्ञा) काढून टाकले आहे आणि वक्ररेषांची फंक्शन्सही बदलली आहेत. त्यामुळे जुना धडा नव्या आवृत्तीवर चालवला की लाल अक्षरे येतात आणि नवशिक्याला वाटते, आपलेच काहीतरी बिनसले.

फाइल डबल-क्लिक करून उघडली तर फॉन्ट आणि चित्रे ब्राउझर सुरक्षेपायी अडवतो. पी५ चा ऑनलाइन एडिटर वापरा, नाहीतर व्हीएस कोड या संपादकात लाइव्ह सर्व्हर हे एक्स्टेन्शन लावा.

फंक्शनची नावे या नोंदींत उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कोडमध्ये ती रोमनमध्येच टाकायची. स्वतःच्या व्हेरिएबलना (किमती साठवण्याच्या नावांना) मात्र जावास्क्रिप्टमध्ये देवनागरी नावे चालतात: 'ठिपके', 'अंतर', 'मिमी'. याचा एक आयता फायदा असा की 'कलर', 'मॅप', 'की' ही पी५ चीच नावे चुकून पुन्हा वापरून ती मोडून ठेवण्याचा धोका उरत नाही. दोन अडचणी ध्यानात असू द्या. आकडे रोमनच हवेत, देवनागरी ५ ला भाषा संख्या मानत नाही. आणि जोडाक्षर हवे तसे दिसावे म्हणून कळफलक मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालतो. ते एका जागी पडले आणि दुसऱ्या जागी नाही, तर डोळ्यांना सारखीच दिसणारी ती दोन वेगळी नावे ठरतात. म्हणून रफार किंवा अर्धा र असलेली नावे टाळलेली बरी.

७ ऑगस्ट : एकक मिलिमीटर

ए-५ म्हणजे १४८ × २१० मिमी. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून १५४ × २१६. ३०० डीपीआयला हे १८१९ × २५५१ पिक्सेल होतात, पण पिक्सेलमध्ये विचार करायचाच नाही. कॅनव्हास फक्त पाहण्यापुरता: ६१६ × ८६४. 'ड्रॉ' या चित्र काढणाऱ्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत 'स्केल' ४ केले की पुढचा सगळा कोड मिलिमीटरमध्ये लिहिता येतो. रेघेची जाडीही त्याच पटीत वाढते, म्हणून 'स्ट्रोकवेट' ०.८ म्हणजे कागदावर ०.८ मिमी.

'ड्रॉ' सेकंदाला साधारण ६० वेळा धावतो. त्यात 'रँडम' असेल तर चित्र मुंग्या आल्यासारखे थरथरते. 'सेटअप'मध्ये (सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) 'नोलूप' लिहा आणि बदल झाला की 'रीड्रॉ' म्हणा.

कोनांचे माप मुळात रेडियन असते. 'रोटेट' ६० लिहिले तर आकृती सुमारे १९८ अंशांवर जाऊन बसते. बिघाड अगदीच वेडावाकडा दिसत नसल्यामुळे लवकर सापडत नाही. 'अँगलमोड' अंशांवर ठेवा. 'ट्रान्सलेट' आधी, 'रोटेट' नंतर. उलट केले तर आकृती स्वतःभोवती न फिरता कागदाच्या कोपऱ्याभोवती फिरते. 'पुश' आधीची मांडणी जपून ठेवतो, 'पॉप' ती परत आणतो; प्रत्येक 'पुश'ला 'पॉप' हवाच.

११ ऑगस्ट : १५ ते ८

रांगोळीच्या पुस्तकात '१५ ते ८' लिहिलेले असते ती मांडणी घेतली. मधल्या ओळीत १५ ठिपके, वर-खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी, टोकाला ८. ओळी १५, एकूण ठिपके १६९, बाह्याकृती षट्कोनी. प्रत्येक ओळ आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येते. '१५ ठिपके १५ ओळी' म्हणजे चौकोनी मांडणी, तिचे गणित वेगळे.

इथे हमखास होणारी गफलत ओळींमधल्या अंतराची. दोन ठिपक्यांत ८ मिमी असेल तर दोन ओळींतही ८ ठेवायचा मोह होतो. त्याने षट्कोन उभा ताणला जातो आणि ६० अंशांत फिरवल्यावर ठिपक्यावर ठिपका बसत नाही. ओळींतले अंतर ८ × ०.८६६ म्हणजे ६.९३ मिमी हवे. मग रांगोळी ११२ मिमी रुंद आणि ९७ मिमी उंच होते, दोन्ही बाजूंना १८ मिमी मोकळे राहतात. उदबत्तीने भोके पाडलेल्या कागदावर ही गोष्ट नजरेने सांभाळली जाते. कोडला ती सांगावी लागते.

ठिपक्याचा पत्ता दोन पूर्णांकांत ठेवायचा: क आणि र. मधला ठिपका (०, ०). क, र आणि क + र या तिन्हींची किंमत −७ ते ७ मध्ये असेल तेवढेच ठिपके घ्यायचे. बरोबर १६९ भरतात. कागदावरची जागा:

आडवी = अंतर × (क + र ÷ २)
उभी = अंतर × ०.८६६ × र

हा खटाटोप कशासाठी, तर ६० अंश फिरवणे नुसत्या पूर्णांकांत होते म्हणून: (क, र) चे (−र, क + र). ठिपका (२, १) घ्या. तो (−१, ३) वर जातो, मग (−३, २), मग (−२, −१), म्हणजे बरोबर समोर. आरशातले रूप आणखी सोपे, (क, र) चे (र, क). साइन-कोसाइनने फिरवले तर उत्तर ३.९९९९९९ असे येते आणि 'हे दोन ठिपके एकच का' या प्रश्नाला कोड 'नाही' म्हणतो.

जावास्क्रिप्टची एक खोड इथेच भेटते. [२, १] आणि [२, १] या दोन याद्या भाषेच्या लेखी सारख्या नाहीत. ठिपका शोधायचा असेल तर पत्ता '२,१' असा मजकूर करून किल्ली म्हणून वापरा.

१४ ऑगस्ट : नुसते रँडम

शेजारचे ठिपके जोडणाऱ्या सगळ्या रेघा मोजल्या तर ४६२. बारा पदरी सममिती लावली, म्हणजे सहा वळणे आणि प्रत्येकाचे आरशातले रूप, की स्वतंत्रपणे ठरवायच्या रेघा उरतात ४४. नाणेफेक करून या ४४ रेघा ठेवल्या किंवा गाळल्या तर सममित पण निर्जीव जाळे मिळते. सुटी टोके लोंबतात, कुठे एकटी रेघ तरंगते. सममिती आहे म्हणून पहिली दोन-चार चित्रे बरी वाटतात, पंधरावे पाहिल्यावर सगळी एकच दिसू लागतात.

ठिपक्यांच्या रांगोळीची बरीचशी शोभा बंद रेघेत असते. तेव्हा नियम असा हवा: प्रत्येक ठिपक्यापाशी भेटणाऱ्या रेघांची संख्या सम. हा नियम रेघा काढून झाल्यावर तपासत बसणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे. आधीच पाळला जाईल अशी रचना पाहिजे.

१८ ऑगस्ट : त्रिकोण भरा, कडा काढा

उपाय रेघांकडून नजर काढून त्यांच्यामधल्या त्रिकोणांकडे पाहण्यात आहे. तीन शेजारी ठिपक्यांत एक त्रिकोण, असे एकूण २९४. काही त्रिकोण भरलेले माना, काही रिकामे. भरलेला आणि रिकामा जिथे भिडतात तिथेच रेघ काढा. कडेचा त्रिकोण भरलेला असेल तर बाहेरच्या बाजूलाही. अशी रेघ आपोआप बंदच होते आणि प्रत्येक ठिपक्यापाशी रेघांची संख्या समच राहते. शेतांचे बांध काढताना बांध मध्येच हवेत संपत नाही, तसेच हे. उलट बाजूनेही खरे आहे: या मांडणीतली कोणतीही बंद रेघांची रांगोळी त्रिकोण भरून मिळवता येते. म्हणजे नियम पाळताना एकही चांगला नमुना हातचा जात नाही.

सममिती लावल्यावर २९४ त्रिकोणांचे २८ गट पडतात. एका गटातले सगळे त्रिकोण एकदम भरतात किंवा एकदम रिकामे होतात. आणि त्यांची वाटणी पाहा: मध्याभोवतीच्या पहिल्या कड्यात १ गट, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, असे करत सातव्यात ७. बेरीज २८.

२८ होय-नाही म्हणजे २८ बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १) एक संख्या. शक्य रांगोळ्या २६,८४,३५,४५६ आणि प्रत्येकीचे नाव म्हणजे ० ते २६,८४,३५,४५५ मधला एक आकडा. तो आकडा पत्राच्या मागे छापला की तीच रांगोळी केव्हाही पुन्हा काढता येईल. जावास्क्रिप्टमधल्या बिटांच्या क्रिया ३२ बिटांवर चालतात आणि शेवटचा बिट चिन्हाचा असतो, त्यामुळे २८ निर्धास्त बसतात. '१९ ते १०' घेतले तर गट ४५ होतील आणि याच क्रिया मुकाट्याने चुकीची उत्तरे देऊ लागतील.

गट पाडण्याची कृती अशी. त्रिकोणाच्या तीन ठिपक्यांचे पत्ते बेरीज करून एकच जोडी करा. तो झाला त्रिकोणाचा पत्ता, तोही पूर्णांकातच. वरचीच फिरवण्याची आणि आरशाची सूत्रे या जोडीला लावून बारा पत्ते काढा, मजकूर म्हणून लावल्यावर त्यांतला जो पहिला येईल ते गटाचे नाव. कडे कोणते, तर तीन ठिपक्यांपैकी मध्यापासून सर्वांत दूरचा जितके पाऊल दूर, तो आकडा.

गटांना क्रमांक देताना आधी कडे, मग नाव, असे लावा. 'सॉर्ट' काही न सांगता वापरले तर तो संख्यांनाही मजकूर समजून १० ला २ च्या आधी ठेवतो. तुलना कशी करायची ते लिहून द्यावे लागते. आणि हा क्रम एकदा ठरला की गोठवा. नंतर बदलला तर जुना प्रत्येक आकडा वेगळी रांगोळी काढील.

२० ऑगस्ट : बटणे आधी, रँडम शेवटी

पडद्यावर उजवीकडे २८ चेकबॉक्स, १-२-३ असे ७ पर्यंत पायऱ्यांत मांडलेले. 'क्रिएटचेकबॉक्स' आणि 'चेंज्ड' एवढ्यात होते. खाली आकडा दाखवणारी चौकट. आकडा टाइप केला तर बटणे त्याप्रमाणे बदलावीत.

रँडमचे बटण मुद्दाम ठेवलेले नाही. २८ बटणे हाताने दाबताना डिझायनरला कळते की तिसऱ्या कड्यातला मधला गट भरला की पाकळी होते, सातवे कडे पूर्ण रिकामे ठेवले तर रांगोळी '१३ ते ७' इतकी आटते, आणि ओळीने दोन कडी भरली की मध्ये जड ठोकळा बसतो. रँडम पहिल्याच दिवशी हाताशी दिले तर माणूस बटण दाबत बसतो आणि आवडले ते उचलतो. त्यातून कोडही शिकून होत नाही आणि रांगोळीही.

२५ ऑगस्ट : रेघेला वळण

सरळ कडांची रांगोळी भूमितीच्या वहीतली वाटते. वळणासाठी प्रत्येक कडेचा मध्यबिंदू रेघेचा टेकू, आणि ठिपका तिला आपल्याकडे ओढणारा नियंत्रण-बिंदू. इलस्ट्रेटरमधल्या पेन टूलचे हँडल माहीत असेल त्याला हे सांगावे लागणार नाही. 'क्वाड्रॅटिकव्हर्टेक्स' पुरते.

प्रश्न येतो एका ठिपक्यापाशी चार किंवा सहा रेघा भेटतात तेव्हा. आत आलेल्या रेघेने बाहेर कुठून पडायचे? त्यासाठी प्रत्येक भरलेल्या त्रिकोणाच्या तीन कडा एकाच फेरीच्या दिशेने नोंदवा. उलट दिशेची तीच कड आधी नोंदलेली असेल तर दोन्ही खोडा. उरलेल्या प्रत्येक कडेच्या डाव्या हाताला भरलेला भाग असतो. चालत ठिपक्यापाशी आलात की बाहेर जाणाऱ्या कडांपैकी सर्वांत डावीकडची पकडायची. रेघ त्याच भरलेल्या कोपऱ्याला बिलगून वळते आणि दोन पाकळ्या एकमेकींना न छेदता ठिपक्यापाशी समोरासमोर येतात. पी५ मध्ये उभा अक्ष खाली वाढतो, त्यामुळे कागदावर विचार केलेले डावे-उजवे पडद्यावर उलटते. एक दिशा ठरवा आणि सगळीकडे तीच पाळा.

मापांचा हिशेब आत्ताच करावा. ६० अंशांच्या कोपऱ्यात वक्र ठिपक्यापासून १.७ मिमी लांबून जातो, १२० अंशांत फक्त १ मिमी. रेघ ०.९ आणि ठिपका १.२ मिमी व्यासाचा ठेवला तर ०.४५ + ०.६ = १.०५; ठिपका रेघेला चिकटतो आणि छापल्यावर गाठ दिसते. रेघ ०.८, ठिपका ०.८ ठेवल्यास ०.२ मिमी फट राहते. उलट्या छपाईत, म्हणजे रंगात सोडलेल्या पांढऱ्या रेघेत, याहून कमी फटीवर भरवसा नको. सरळ जाणारी रेघ मात्र ठिपक्यावरूनच जाते, तिथे ठिपका दिसणारच नाही. रांगोळीतही तो रेघेखालीच जातो.

८ सप्टेंबर : हाताची थरथर

आता 'नॉइझ', म्हणजे सलग, हळूहळू बदलणाऱ्या रँडम किमती देणारे फंक्शन. चिमटीतून सुटणारी रेघ यंत्रासारखी नेमकी नसते. प्रत्येक बिंदू आपल्या जागेप्रमाणे थोडा सरकवायचा, आडव्यासाठी एक नॉइझ आणि उभ्यासाठी दुसरा. ठिपके आणि रेघा दोन्हींना एकच सरकवणी लावायची. जवळचे बिंदू मग जवळजवळ सारखेच सरकतात आणि ०.२ मिमीची फट शाबूत राहते. ठिपके जागच्या जागी ठेवून फक्त रेघा हलवल्या तर ती पहिल्याच पत्रात बुजते.

पायरी दर मिलिमीटरला ०.०२. पायरी १ केली तर शेजारच्या बिंदूंच्या किमतींत काही नाते उरत नाही आणि रेघ करवतीच्या दात्यांसारखी होते.

पी५ च्या नॉइझच्या दोन गोष्टी धड्यांत सहसा नसतात. पहिली: ऋण आकडा दिला तर तो धन समजूनच घेतो. आपल्या रांगोळीचा मध्य (०, ०) आहे, तेव्हा थरथर दोन्ही अक्षांवर आरशासारखी उमटते आणि हाताची वाटायच्या ऐवजी शिक्क्याची वाटते. दोन्ही आकड्यांत १००० मिळवा. उभ्या सरकवणीसाठी आणखी ५०० पुढे जा. दुसरी: उत्तर ० ते १ मध्ये असते असे म्हणतात, पण प्रत्यक्षात ते बहुतेक ०.२ ते ०.८ मध्ये घुटमळते आणि सरासरी ०.५ पेक्षा जरा खाली, सुमारे ०.४७ असते. चार थरांची बेरीजच मुळात ०.९३७५ पर्यंत जाते. म्हणून ०.५ वजा केले तर सगळी रांगोळी एका बाजूला किंचित घसरते. ०.४७ वजा करून २.५ ने गुणले, सरकवणी साधारण ±०.७ मिमी.

सीड म्हणजे रँडम किमतींचा आरंभाचा आकडा; तोच दिला की त्याच किमती पुन्हा येतात. 'नॉइझसीड' म्हणजे रांगोळीचाच आकडा. 'रँडम' वापरायचे असेल तर 'रँडमसीड'ही. जावास्क्रिप्टच्या स्वतःच्या 'मॅथ.रँडम'ला पी५ चे सीड लागू होत नाही, ते मिसळू नका. सीडबाबत आणखी एक मेख आहे: रँडम किमती रांगेने येतात. कोडच्या मध्ये एक 'रँडम' नवे घातले की त्यापुढच्या सगळ्या किमती एकेक घर सरकतात आणि रंग बदलायला गेलेल्याची आकृतीही बदलते. नवे रँडम नेहमी शेवटी घालावे, किंवा लागणाऱ्या सगळ्या किमती सुरुवातीलाच काढून नावे देऊन ठेवाव्यात.

१२ सप्टेंबर : देवनागरी अक्षरे

इथे इंग्रजीसाठी लिहिलेले जवळजवळ सगळे धडे कुचकामी ठरतात. त्यांची वाट अशी असते: 'लोडफॉन्ट'ने फॉन्ट घ्या आणि 'टेक्स्टटूपॉइंट्स'ने बिंदू मागा. १.x मध्ये हे काम ओपनटाइप.जेएस या लायब्ररीवर चालते आणि त्याला देवनागरीची जुळणी येत नाही. 'दिवा' लिहिले की ऱ्हस्व वेलांटी द च्या मागे जाऊन बसते, 'ज्योती'मधला अर्धा ज पाय मोडून उभा राहतो. फॉन्ट बदलून उपयोग नाही, दोष फॉन्टचा नाही.

ब्राउझरला स्वतःला मात्र देवनागरी उत्तम येते. म्हणून फॉन्ट सीएसएसमधून (वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांतून) आणायचा आणि 'टेक्स्टफॉन्ट'ला फक्त त्याचे नाव मजकूर म्हणून द्यायचे. मग अक्षरे ब्राउझर जुळवतो. बाह्यरेषा मिळत नाही, पण ती लागतच नाही. अक्षरे एका लपलेल्या कॅनव्हासवर पांढऱ्यावर काळी काढा आणि जिथे काळे तिथे ठिपका टाका.

फॉन्टची निवड मुक्ता आणि बालू २ यांच्यात होती; दोन्ही 'एक टाइप' या संस्थेचे, मुक्त परवान्याचे. दोन्हींचे ८०० वजन पाहिले आणि बालू घेतला. त्याची गोल टोके ठिपक्यांत विरत नाहीत. मुक्ताची तासलेली टोके ठिपक्यांत गेली की नुसती तुटल्यासारखी वाटतात.

पहिल्या वेळी भलताच फॉन्ट आणि पान पुन्हा उघडल्यावर बरोबर, असे झाले तर फॉन्ट येण्याआधीच चित्र काढले गेले आहे. 'डॉक्युमेंट.फॉन्ट्स.लोड'ची वाट पाहा. त्याला दुसरे मूल्य म्हणून देवनागरी मजकूरच द्यायला हवा. गूगल फॉन्ट्स प्रत्येक लिपीची वेगळी फाइल पाठवतो. मजकूर दिला नाही तर 'लोड' एका मोकळ्या जागेपुरता विचार करतो, लॅटिन फाइल आणतो आणि काम झाले म्हणून सांगतो.

लपलेल्या कॅनव्हासचे माप १ मिमीला १० पिक्सेल. त्याची 'पिक्सेलडेन्सिटी' (एका मापामागे पडद्याचे किती पिक्सेल) १ करा. चांगल्या पडद्यांवर ती २ असते, आणि मग ४ × (य × रुंदी + क्ष) हे पिक्सेल शोधण्याचे सूत्र भलत्या जागी पोचते. अक्षरे दुभंगून, तिरपी होऊन दिसली तर आधी हेच तपासा. 'गेट'ने एकेक पिक्सेल पुन्हा पुन्हा मागू नका, तो फार मंद चालतो. 'लोडपिक्सेल्स' एकदा म्हणा आणि यादीतून वाचा.

उंचीला मोकळी जागा भरपूर ठेवा. मात्रा, वेलांट्या, रफार वर छाटले जातात आणि उकार खाली, कारण 'सेंटर' म्हटल्यावर ब्राउझर जो मध्य धरतो तो देवनागरीच्या नजरेचा मध्य नसतो. 'मेझरटेक्स्ट' प्रत्यक्ष काळ्या भागाची वरची आणि खालची हद्द देतो, तिच्यावरून जागा ठरवावी.

ठिपक्यांचे अंतर अक्षराच्या दांड्यावरून ठरते. दांड्याच्या जाडीत तीन ठिपके बसले पाहिजेत. दोन बसले तर भ ची गाठ बुजते आणि श ची शेपटी तुटते. दांडा ३ मिमी, अंतर १ मिमी, ठिपका ०.७ मिमी ठेवला. एका पिक्सेलवर निर्णय घेऊ नका, ठिपक्याभोवतीच्या ८ × ८ पिक्सेलांत निम्म्याहून जास्त काळे असेल तरच ठिपका. शिरोरेषेला वेगळी वागणूक हवी: ठिपक्यांची एक ओळ तिच्या बरोबर मधोमध येईल असे सगळे जाळे वर-खाली सरकवा. नाहीतर ती काही ठिकाणी दोन ओळींची आणि काही ठिकाणी तीन ओळींची होते, आणि वाचणाऱ्याची नजर आधी तिथेच अडखळते.

१८ सप्टेंबर : २०० ची निवड

आता रँडमला आत घेतले. सातवे कडे रांगोळीची चौकट आहे, तिथले ७ गट रँडमवर सोडले नाहीत. १२८ शक्यतांपैकी हाताने निवडलेल्या बाराच चालतील. आतल्या २१ गटांच्या २०,९७,१५२ शक्यता उरतात, तेवढे पुरे.

चाळण्या: भरलेले त्रिकोण ३५ ते ६५ टक्के. निवडलेल्या कोणत्याही दोन आकड्यांत निदान ८ बिट वेगळे. दोन्हींची 'एक्सऑर' (वेगळ्या बिटांच्या जागी १ देणारी क्रिया) करून १ मोजा. लागोपाठचे आकडे घेतले तर एखाददुसऱ्या गटाचाच फरक असतो आणि पत्रे एकसारखी दिसतात. आणखी एक छुपी जोडी असते: २६,८४,३५,४५५ मधून आकडा वजा केल्यावर येणारी रांगोळी. तिच्यात भरलेले आणि रिकामे यांची अदलाबदल होते. आतल्या कडा त्याच राहतात, फक्त बाहेरची किनार आणि वळणांच्या जोड्या बदलतात. बिट सगळे वेगळे म्हणून चाळणीतून ती सुटते, नजरेला मात्र बहीण म्हणून ओळखू येते. ती वेगळी तपासून गाळावी.

चाळणीतून आलेल्या रांगोळ्या पडद्यावर ८ × ६ च्या तक्त्यात, क्लिक केली की आकडा यादीत. शेवटची निवड नजरेचीच. सुंदर म्हणजे काय याला गुण देणारे सूत्र लिहायच्या भानगडीत पडलो नाही. ३५ ते ६५ टक्के हे सूत्र वाईट ते गाळते, चांगले ओळखत नाही.

२३ सप्टेंबर : फाइल बाहेर काढणे

'सेव्हकॅनव्हास' २०० वेळा म्हटले तर ब्राउझर मध्येच परवानगी विचारतो आणि घाईत काही फाइली गळतात. पिक्सेलही नकोत, रेघा व्हेक्टर हव्यात. एसव्हीजी हा व्हेक्टर फाइलीचा प्रकार म्हणजे शेवटी मजकूरच. तो ओळ ओळ जोडून स्वतः लिहिला, वेगळी लायब्ररी घेतली नाही. रुंदी-उंची १५४ मिमी आणि २१६ मिमी अशी एककासह लिहा, व्ह्यूबॉक्स ० ० १५४ २१६. एकक वगळले तर इंकस्केप इंचाला ९६ पिक्सेल धरतो, इलस्ट्रेटर ७२, आणि तीच फाइल दोन ठिकाणी दोन मापांची उघडते.

सगळी २०० एका एचटीएमएल पानात एकाखाली एक, सीएसएसमध्ये पानाचा आकार १५४ × २१६ मिमी, समास ०, आणि क्रोममधून पीडीएफ. प्रत्येक पत्रामागे एक कोरे पान येत असेल तर एसव्हीजीला 'डिस्प्ले ब्लॉक' द्या; ओळीतल्या मजकुरासारखे धरल्याने खाली बारीक जागा सुटते आणि पान उतू जाते. गेरूची जमीन सीएसएसच्या पार्श्वरंगाने भरू नका, प्रिंट करताना तो गळू शकतो. एसव्हीजीतलाच आयत काढा. फॉन्ट जोडायचा प्रश्नच नाही, अक्षरे म्हणजे वर्तुळेच.

२६ सप्टेंबर : छपाई

प्रत्येक पत्र वेगळे, म्हणजे ऑफसेटची प्लेट बाद. डिजिटल प्रेस. ब्लीडसह दोन पत्रे शेजारी ३०८ मिमी होतात आणि १२ × १८ इंची शीट ३०५ मिमीच रुंद असते. ३ मिमीसाठी १३ × १९ घ्यावी लागते. तिच्यात चार पत्रे (३०८ × ४३२) निवांत बसतात. ५० शीट. पत्रे क्रमाने हवी असतील तर मांडणी कट अँड स्टॅक सांगा: पहिल्या घरात १ ते ५०, दुसऱ्यात ५१ ते १००, तिसऱ्यात १०१ ते १५०, चौथ्यात बाकीची. कापून चार गठ्ठे एकावर एक ठेवले की क्रम लागतो.

क्रोमची पीडीएफ आरजीबी (पडद्याच्या रंगांची) असते. गेरूचा रंग सुदैवाने सीएमवायकेच्या (छपाईच्या चार रंगांच्या) आवाक्यात आहे; राणी किंवा पोपटी जमीन घेतली असती तर पडद्यावरचा रंग कागदावर मिळालाच नसता. प्रेसला सांगितलेले प्रमाण: सायन २०, मॅजेंटा ७५, यलो ८०, ब्लॅक १५. नुसती जुळणी सोपवली तर गेरू कधी विटेचा होतो, कधी चॉकलेटचा. चार रंगांच्या जमिनीत सोडलेली पांढरी रेघ एखादा रंग जरा सरकला तरी बारीक होते, म्हणून ०.८ च्या खाली जायचे नाही. पत्रावरचा मागचा आकडा एकट्या काळ्यात.

कागद ३०० जीएसएम मॅट. टोनरने भरलेल्या मोठ्या सपाट जमिनीवर आडवे पट्टे उठून दिसतात. त्यावर दर पत्राला ६०० शिंतोडे, ०.१ ते ०.३ मिमीचे, गेरूपेक्षा एक छटा गडद. पट्टे त्यांत हरवतात. शिंतोडे हजारोंनी वाढवले तर २०० पानांची फाइल प्रेसच्या मशीनला जड जाते. लॅमिनेशन नाही: एकाच बाजूला केले की जाड कागदही कमानीसारखा वाकतो, आणि दोन्ही बाजूंना केले तर मागे पेनाने काही लिहिता येत नाही. कापताना कडेचा टोनर उडतो, त्यासाठी धारदार पाते आणि लहान गठ्ठे मागून घ्यावेत.

चाचणीला चार पत्रांची एकच शीट काढा आणि तिच्यात मुद्दाम अवघड आकडे घाला: १२० अंशांचे कोपरे सर्वांत जास्त असलेली रांगोळी, सर्वांत भरगच्च, सर्वांत विरळ, आणि सातवे कडे रिकामे असलेली. ०.२ मिमीची फट पहिल्या पत्रात उघडी राहिली तर बाकीची १९९ पाहण्याची गरज नाही.